पटल-गाळणाचे प्रतिमानन : पाण्यातील लेश धातू

दर लिटर पाण्यात मायक्रोग्रॅमने मोजावी लागणारी आर्सेनिक, शिसे, कॅडमियम यांसारखी मूलद्रव्ये एखादे अर्धपार्य पटल (पाणी जाऊ देणारे, पण विरघळलेले पदार्थ अडवणारे) किती प्रमाणात अडवेल, हे समीकरणांच्या म्हणजेच प्रतिमानाच्या आधारे वर्तवण्याची ही पद्धत आहे. आर्सेनिक काटेकोरपणे पाहता धातुसदृश आहे, परंतु पाण्याच्या शुद्धीकरणात ते याच गटात धरतात. पश्चिम बंगाल व बांगलादेशातील कूपनलिकांच्या आर्सेनिकयुक्त पाण्यामुळे त्याचा अभ्यासही विशेष झाला आहे.

स्पीगलर व केडेम या संशोधकांच्या 1966 च्या प्रतिमानात पटलाच्या अंतरंगाचा विचार नसतो. परावर्तन गुणांक (विरघळलेला पदार्थ पटल किती परतवते त्याचे माप) आणि पार्यता (तो पटलातून किती सहज पार होतो त्याचे माप) हे दोन स्थिरांक प्रयोगावरून काढले जातात. सोय मोठी, पण पाणी बदलले की स्थिरांकही बदलतात. बोवेन व मुख्तार यांनी 1996 मध्ये मांडलेले प्रतिमान नॅनोगाळण पटलातील सुमारे 1 नॅनोमीटर रुंदीची रंध्रे आणि त्यांवरील विद्युत भार लक्षात घेते. आयनांचे (विद्युत भारित कणांचे) विसरण म्हणजे दाट भागाकडून विरळ भागाकडे पसरणे, पाण्याबरोबर होणारे वहन आणि विद्युत क्षेत्राची ओढ या तिन्हींची बेरीज त्यात विस्तारित नेर्न्स्ट–प्लांक समीकरणाने केली जाते.

आर्सेनिकाच्या बाबतीत निर्णायक ठरते ते त्याचे रूप. पाण्यात ते आर्सेनाइट व आर्सेनेट या दोन रूपांत आढळते. सामू 7 असताना आर्सेनाइट जवळजवळ पूर्णपणे भाररहित असते, तर आर्सेनेट ऋणभारित असते. त्यामुळे ऋणभारित पटल आर्सेनेटला दूर लोटते आणि आर्सेनाइट मात्र बरेचसे निसटते. म्हणून गाळण्यापूर्वी पाण्याचे ऑक्सिडीकरण करून आर्सेनाइटचे आर्सेनेट करतात, आणि प्रतिमानातही रूपांची ही विभागणी आधी करावी लागते.

अडवलेले आयन पटलाच्या पृष्ठाशी साचतात, हेही हिशोबात धरावे लागते. मूळ पाण्यात दर लिटरला 100 मायक्रोग्रॅम आर्सेनिक असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 10 मायक्रोग्रॅमच्या मर्यादेसाठी 90 टक्के अडवणूक पुरेशी वाटते; परंतु पृष्ठाशी ते 150 झाले, तर पटलाने प्रत्यक्षात 93 टक्क्यांहून अधिक अडवायला हवे.

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे सोबतचे क्षार. लेश धातू इतका अल्प असतो की रंध्रातील विद्युत विभव त्याच्यामुळे ठरत नाही; ते सोडियम, कॅल्शियम, क्लोराइड, सल्फेट हे बहुसंख्य आयन ठरवतात. सल्फेट भरपूर असेल, तर ते अडवले जात असताना भारसमतोल राखण्यासाठी एकभारी ऋण आयन पटलातून पलीकडे ढकलले जातात, आणि एकभारी आर्सेनेटची अडवणूक त्यामुळे घटू शकते. केवळ शुद्ध पाण्यात विरघळवलेल्या आर्सेनेटवर जुळवलेले प्रतिमान विहिरीच्या पाण्याला जसेच्या तसे लावता येत नाही.