‘ओपन एन्रोलमेंट’ला मुदत का असते?

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी घरांत दर शरद ऋतूत कंपनीची मेल येऊन पडते: आरोग्य विम्याचा प्लॅन अमुक तारखेच्या आत निवडा. या निवडीच्या काळालाच ‘ओपन एन्रोलमेंट’ म्हणतात. तारीख हुकली की बहुधा वर्षभर थांबावं लागतं. या मुदतीचं मूळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आहे.

१९४२ मध्ये सरकारने पगारवाढीला लगाम घातला, पण विम्यासारख्या सवलतींना मोकळीक ठेवली. माणसं टिकवायला मालक विमा देऊ लागले. मालक भरत असलेल्या हप्त्यावर कर्मचाऱ्याला कर नाही, हे १९५४ च्या करकायद्याने पक्कं केलं आणि विमा नोकरीला चिकटला तो आजतागायत. १९७८ च्या कायद्यातल्या कलम १२५ मुळे कर्मचाऱ्याचा हिस्साही कर लागण्याआधी पगारातून कापता येऊ लागला. मात्र त्याच्या नियमांनुसार एकदा केलेली निवड वर्षाच्या मधे मनाला येईल तशी बदलता येत नाही.

स्वतःचा विमा स्वतः घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. बहुतेक राज्यांत कंपन्या जुनी दुखणी तपासून सरळ नकार देत. २०१० च्या ‘ओबामाकेअर’ या आरोग्य विमा कायद्याने २०१४ पासून ते बंद केलं. आता कधीही विमा मिळणार असेल, तर लोक आजारी पडल्यावरच घेतील, निरोगी माणसांचे हप्ते जमाच होणार नाहीत आणि सगळ्यांचाच हप्ता भडकेल. म्हणून मुदत. पहिली मुदत १ ऑक्टोबर २०१३ ला उघडली आणि त्याच दिवशी विमा निवडायची सरकारी वेबसाइट कोलमडली.

लग्न, बाळंतपण, नोकरी सुटणं अशा प्रसंगी मधेच दार उघडतं. सरकारने उभारलेल्या विम्याच्या बाजारातून घेतलेल्या विम्याला साधारण ६० दिवस मिळतात; नोकरीच्या विम्याला कायद्याने किमान ३०, आणि बऱ्याच कंपन्या तेवढेच देतात. नवे आई-बाप इथेच अडकतात. आईचा विमा आहे म्हणजे बाळाचाही झाला, असं ते धरून चालतात, किंवा बाळाचा सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारी ओळख क्रमांक) यायची वाट पाहतात. नंबर नसला तरी नाव आधी नोंदवा, नंबर मागाहून कळवता येतो. ३० दिवसांत नोंद झाली की संरक्षण जन्मतारखेपासून लागू होतं.

शाळांमध्ये ‘ओपन एन्रोलमेंट’ हेच नाव मिनेसोटा राज्याच्या १९८८ च्या कायद्याने रुळवलं. तिथे राहत्या डिस्ट्रिक्टबाहेरच्या (म्हणजे आपल्या भागाच्या शाळा-हद्दीबाहेरच्या) सरकारी शाळेत फी न भरता प्रवेश घेता येतो आणि मुलामागचा राज्याचा निधी त्याच्यासोबत जातो. अर्जाची शेवटची तारीख १५ जानेवारी. जागा नसेल तर शाळा नकार देऊ शकते. मुलाला नव्या डिस्ट्रिक्टच्या हद्दीपर्यंत नेऊन सोडणं सहसा पालकांकडेच असतं, त्यामुळे बसची चौकशी अर्जाआधीच करावी.