तांबड्या मिठागरातले जीव

मे महिन्याच्या उन्हात मिठागर बघावं, शिरोड्याचं म्हणा किंवा उरणकडचं. भरतीचं पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात सोडत आटवतात. शेवटच्या वाफ्यात मीठ धरू लागलं की पाण्यावर कधी कधी तांबूस झाक येते. आपल्याला वाटतं, जांभ्याची माती मिसळली असेल. पण ते जीव असतात, एकेका थेंबात लाखोंनी.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मीठ धरताना ते अडीचशे ग्रॅमच्या वर जातात. एवढं मीठ जंतूंच्या पेशीतलं पाणी ओढून घेतं, म्हणून तर आपण बांगडा खारवतो. मग हे जीव तगतात कसे?

ते पेशीतही तितकाच क्षार भरून घेतात, फक्त सोडियमऐवजी पोटॅशियमचा. आतबाहेर तोल साधला की पाणी निसटत नाही. पण इतक्या क्षारात साधी प्रथिनं नासक्या दुधासारखी गोळा होतात. यांच्या प्रथिनांवर मात्र ऋणभार, म्हणजे ऋण विद्युतभार, असलेली अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) दाटीनं बसलेली असतात आणि ती पाण्याचे रेणू धरून ठेवतात.

हे कुणी ठरवून केलेलं नाही, आणि मला यातलं सगळ्यात विलक्षण तेच वाटतं. पेशी दुभंगताना जनुकांची नक्कल चुकते. बहुतेक चुका वाया जातात. एखादीनं प्रथिन जरा जास्त खारं सोसू लागलं, तर आटत्या पाण्यात त्याच पेशीची प्रजा वाढते. असे बारीक फरक लाखो पिढ्या साचत गेले. त्यात भर पडली ती जिवाणूंकडून आलेल्या जनुकांची, कारण हे जीव स्वतः जिवाणू नव्हेत; ते ‘आर्किया’ या वेगळ्याच कुळातले.

दाट खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. तेव्हा यांतला हॅलोबॅक्टेरियम एका जांभळ्या प्रथिनाच्या जोरावर उन्हातून ऊर्जा मिळवतो. १९७१ साली उजेडात आलेल्या या प्रथिनात रेटिनल असतं, आपल्या डोळ्यांच्या पडद्यात असतं तेच.

खाऱ्या मासळीवर दमट हवेत गुलाबी थर धरतो तोही यांचाच. तिथे आणखी मीठ चोळून काही होत नाही. ते मिठातूनच आलेले असतात.

त्यांना मारतं ते गोडं पाणी. मिरगाचा पाऊस वाफ्यांत भरला की प्रथिनांवरचे ऋणभार एकमेकांना ढकलू लागतात, प्रथिनं उलगडतात, पेशी फुटतात. वाचतात ते झाकून ठेवलेल्या मिठाच्या राशीत, खड्यांच्या पोटात अडकलेल्या खाऱ्या पाण्याच्या थेंबांमध्ये.