फुगणारं लाकूड आणि अलेप्पोचे सुतार

पावसाळ्यात दार फुगून अडकतं. सुतार येऊन रंधा मारतो आणि उन्हाळ्यात त्याच दाराला फट पडते. ही कटकट जुनीच.

सीरियातल्या अलेप्पोमध्ये ११६८च्या सुमारास नूरुद्दीन या सुलतानाने जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीसाठी मिंबर, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनाचं पायऱ्यांचं व्यासपीठ, करवून घेतलं. ११८७मध्ये जेरुसलेम जिंकल्यावर सुलतान सलाहुद्दीनने ते तिथे नेलं. ऑगस्ट १९६९मध्ये एका माथेफिरूने लावलेल्या आगीत ते जळालं. जॉर्डनमध्ये त्याची प्रतिकृती घडली आणि २००७मध्ये ती जागेवर बसली. तारे आणि बहुकोनांचे १६ हजारांहून अधिक तुकडे, खिळा नाही, गोंद नाही! फॉरवर्डवाले याला ‘हरवलेलं गूढ विज्ञान’ म्हणतील. कंपास, पट्टी आणि लाकडाची ओळख, एवढंच ते गूढ.

लाकडातले सेल्युलोजचे तंतू खोडाच्या लांबीला जवळजवळ समांतर असतात. हवेतलं पाणी तंतूंच्या मधे शिरतं आणि त्यांना एकमेकांपासून बाजूला ढकलतं. तंतूंची लांबी मात्र जवळजवळ वाढत नाही. ओलं लाकूड पूर्ण सुकताना लांबीला जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के आकसतं. वर्षवलयांच्या, म्हणजे खोडातल्या दरवर्षीच्या कड्यांच्या, दिशेने मात्र साधारण ६ ते १० टक्के आणि खोडाच्या गाभ्यापासून सालीकडे त्याच्या निम्मं. हे शेवटचे दोन आकडे वेगळे आहेत म्हणूनच फळी नुसती आकसत नाही, वाकतेही.

आता हिशेब करा. ६० सेंटिमीटर रुंदीची अखंड फळी ऋतुमानाने ३ टक्के हलली, तर १८ मिलिमीटर. चारी बाजूंनी जखडलेली असेल तर तडकणारच. पण अशा जोडकामातला ६ सेंटिमीटरचा तुकडा हलतो फक्त १.८ मिलिमीटर, आणि तो भोवतीच्या लाकडी पट्टीच्या खोबणीत सैल बसवलेला असतो. ‘असे दहा तुकडे म्हणजे पुन्हा १८च की!’ हो, पण प्रत्येकाचे १.८ त्याच्याच खोबणीत जिरतात. पट्ट्यांचे तंतू लांबीला धावतात, त्यामुळे त्यांची जाळी जवळजवळ हलत नाही. लाकूड महाग होतं, छोटे तुकडे वाया जाऊ द्यायचे नव्हते, हेही खरं. पण नुसत्या काटकसरीसाठी एवढी खोबण कुणी कोरत नाही.

अरबीत या जोडकामाला ‘तअशीक’ म्हणतात. शब्दाचं मूळ तेच, ‘इश्क’चं. मिठी आहे, पण सैल.

आपल्या पॅनलच्या दारातही हीच युक्ती असते. म्हणून पॅनलच्या कडेने गोंद भरायला निघालेल्या सुताराला आधी थांबवा.