मुलाचं पालकत्व की शाळेला साथ? आफ्रिकेतल्या शिक्षणासाठी देणगी देण्याआधी

‘महिन्याला इतके द्या, एक मूल शिकेल.’ आफ्रिकेतल्या मुलांच्या शिक्षणासाठी देणगी मागणाऱ्या बहुतेक पत्रकांवर असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि शेजारी गणवेशातल्या एखाद्या मुलीचा फोटो असतो. या एका वाक्यामागे दोन अगदी वेगळ्या व्यवस्था असू शकतात. एका व्यवस्थेत तुम्ही ठरावीक मुलाचं शैक्षणिक पालकत्व घेता: त्याचं नाव तुम्हाला कळतं, पत्र येतं, निकाल येतो. दुसऱ्या व्यवस्थेत तुमचे पैसे एका गावाच्या किंवा वस्तीच्या शाळेकडे जातात आणि त्यांचं काय करायचं हे तिथलीच माणसं ठरवतात. दोन्हीकडे पैसा शिक्षणालाच लागतो, म्हणून लोक त्यांना एकच समजतात. खरा फरक निर्णय कोण घेतं यात आहे. छोट्या संस्थेला देणगी देणाऱ्याने सगळ्यात आधी हेच विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

शैक्षणिक पालकत्व आपल्याला नवं नाही. महाराष्ट्रात दत्तक-पालक योजना आहेत, कितीतरी मंडळं आणि माजी विद्यार्थी एकेका मुलाचा खर्च उचलतात. जगभरात ही पद्धत रुजली ती १९३७ पासून. स्पेनमधल्या यादवी युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी जी योजना सुरू झाली, तीच पुढे ‘प्लॅन इंटरनॅशनल’ झाली. ‘अ‍ॅक्शनएड’ची सुरुवातही अशीच झाली. १९७२ मध्ये ब्रिटनमधल्या ८८ देणगीदारांनी भारत आणि केनियातल्या ८८ मुलांचं पालकत्व घेतलं होतं.

ही पद्धत निरुपयोगी आहे असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. अर्थशास्त्रज्ञ ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी मुलांना असं पालकत्व मिळवून देणाऱ्या ‘कम्पॅशन इंटरनॅशनल’ या संस्थेच्या कामाचा सहा देशांत अभ्यास केला. त्यात केनिया, युगांडा आणि भारतही होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की पालकत्व मिळालेली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली. ज्या घरात शाळा मध्येच सुटणं ही रोजची भीती आहे, तिथे एक वर्ष ही मोठी गोष्ट आहे.

अडचण दुसरीकडे आहे. एका घरात चार मुलं असताना एकाचीच निवड झाली तर बाकीच्या तिघांचं काय? पत्रं लिहून घेणं, भाषांतर करणं, फोटो पाठवणं यालाही माणसं आणि पैसा लागतो. देणगीदार आणि मूल यांचं नातं कागदावर दिसतं तितकं थेटही नसतं. १९९८ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ या अमेरिकी वृत्तपत्राने शोध घेतला तेव्हा माली देशातली काही मुलं वारल्यानंतरही त्यांच्या नावाने पैसे घेतले जात असल्याचं उघड झालं. आज बऱ्याच मोठ्या संस्थांमध्ये पालकत्वाचे पैसे एकत्र करून त्या भागातल्या कामासाठी वापरले जातात. म्हणजे फोटो पहिल्या व्यवस्थेचा आणि काम दुसऱ्या व्यवस्थेचं. संस्था हे स्पष्ट सांगत असेल तर त्यात गैर काही नाही, पण बारीक अक्षरातला मजकूर वाचल्याशिवाय देणगीदाराला ते कळत नाही.

आता दुसरी व्यवस्था. ती समजायला आधी हे लक्षात घ्यावं लागतं की आफ्रिकेतल्या अनेक देशांत सरकारी प्राथमिक शाळेत फी माफ आहे. मलावीने ती १९९४ मध्ये माफ केली, युगांडाने १९९७ मध्ये, केनियाने २००३ मध्ये. केनियात तेव्हा एवढी झुंबड उडाली की २००४ मध्ये किमानी मारुगे नावाच्या ८४ वर्षांच्या आजोबांनीही पहिलीत नाव घातलं. तरीही युनेस्कोच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत सुमारे ९ कोटी ८० लाख मुलं आणि तरुण शाळेबाहेर होते. फी गेली, तरी गणवेश, परीक्षा, दुपारचं जेवण, वह्या यांचा खर्च राहिला, आणि माध्यमिक शाळेत तो आणखी वाढतो. पटसंख्या वाढली, शिक्षक मात्र त्या मानाने वाढले नाहीत. केनियात सरकारने नेमलेले शिक्षक पुरत नाहीत म्हणून शाळेची व्यवस्थापन समिती पालकांकडून वर्गणी काढून स्वतःचे शिक्षक ठेवते. समितीच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना सरसकट ‘बीओएम टीचर’ म्हणतात. त्यांचा पगार थकला की वर्ग रिकामा राहतो.

नेमकं कुठे अडलंय, हे गावागणिक बदलतं. एका शाळेत शौचालय नाही म्हणून मोठ्या मुली येत नाहीत. दुसरीकडे शाळेत खायला काही नाही म्हणून लहान मुलं दुपारी घरी पळतात. मलावीत ‘मेरीज मील्स’ ही संस्था २००२ पासून शाळांत मका आणि सोयाची पेज देते. ती रांधतात गावातले स्वयंसेवक, बहुतेक मुलांच्या आया. पहाटे चूल पेटते आणि मुलं रंगीबेरंगी प्लास्टिकचे मग घेऊन रांगेत उभी राहतात. निधी बाहेरून येतो, पण गावाने चूल पेटवली नाही तर त्या दिवशी पेज नाही.

बाहेरच्या माणसाचा अंदाज किती चुकू शकतो, याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण पश्चिम केनियातल्या बुसिया भागात आहे. १९९० च्या दशकात तिथे एका डच संस्थेने शाळांना पाठ्यपुस्तकं दिली. वर्गात चार-पाच मुलांत एक पुस्तक, तेव्हा पुस्तकं दिली की मुलं शिकतील, असं कुणालाही वाटेल. मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी निकाल तपासले. (याच क्रेमर यांना २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) सरासरी गुणांत काहीच फरक पडला नव्हता. जी मुलं आधीपासून पुढे होती, तीच आणखी पुढे गेली. कारण सरकारमान्य पुस्तकं इंग्रजीत होती. तिथली मुलं घरी आपली मातृभाषा बोलतात, मग स्वाहिली शिकतात, इंग्रजी ही त्यांची तिसरी भाषा. बहुतेकांना ती पुस्तकं वाचताच येत नव्हती. त्या शाळेत रोज शिकवणाऱ्या माणसापासून ही गोष्ट लपलेली असणं कठीण आहे.

म्हणून गावाच्या हाती सोपवलं की सगळं आपोआप नीट होतं, असंही नाही. त्याच पश्चिम केनियात २००५ मध्ये दुसरा प्रयोग झाला. पहिलीच्या वर्गात सरासरी ८० च्या वर मुलं होती. शाळा समित्यांना निधी दिला आणि सांगितलं, तुम्हीच एक जादा शिक्षक कंत्राटावर नेमा. त्या शिक्षकांचा पगार सरकारी शिक्षकापेक्षा कितीतरी कमी होता, तरी त्यांच्या वर्गातली मुलं जास्त शिकली. पण बऱ्याच ठिकाणी सरकारी शिक्षकांच्या नात्यातल्यांचीच वर्णी लागली. जिथे पालकांच्या समितीला मुलाखत कशी घ्यायची, हजेरी कशी तपासायची याचं थोडं प्रशिक्षण मिळालं, तिथे हा प्रकार कमी झाला. पुढे हीच कल्पना देशभर नेऊन पाहिली. स्वयंसेवी संस्थेने राबवली तिथे मुलांना फायदा झाला, सरकारने राबवली तिथे काहीच झाला नाही. पगार उशिरा मिळत होते आणि देखरेख ढिली होती. समितीच्या हाती अधिकार हवा, सोबत कुणाची तरी नियमित साथही हवी. छोटी संस्था हे दुसरं काम उत्तम करू शकते.

दोन्ही व्यवस्था एकत्र नांदू शकतात, हे मुलींच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या ‘कॅमफेड’ या संस्थेने दाखवलं. तिच्या संस्थापक अ‍ॅन कॉटन १९९१ मध्ये झिम्बाब्वेतल्या मोला या गावी गेल्या. करिबा धरणामुळे विस्थापित झालेल्या टोंगा लोकांची ही वस्ती. मुली शाळेत येत नाहीत त्यामागे रूढी असतील, असं सगळे धरून चालले होते. आई-वडिलांशी बोलल्यावर कारण निघालं पैशाचं: एकालाच शिकवणं परवडतं, आणि नोकरी मुलाला मिळण्याची शक्यता जास्त. १९९३ मध्ये ३२ मुलींपासून काम सुरू झालं. मदत एकेका मुलीलाच होती, म्हणजे वरवर पाहता पालकत्वच. पण कोणत्या मुलीला ती मिळावी हे शिक्षक, पालक आणि गावची जाणती माणसं मिळून ठरवत. शिकून बाहेर पडलेल्या मुलींनी १९९८ मध्ये आपली संघटना उभारली आणि पुढच्या मुलींना हात द्यायला सुरुवात केली. पहिल्या मुलींपैकी एक, अँजेलिन मुरिमिर्वा, पुढे संपूर्ण संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. स्थानिक नेतृत्व म्हणतात ते हे.

‘स्थानिक नेतृत्व’ हे शब्द आता सगळेच वापरतात, त्यामुळे थोडं खोलात जाऊन विचारावं लागतं. युरोपातून आखलेल्या कामावर गावातला चालक, स्वयंपाकी आणि समन्वयक नेमला म्हणजे ते काम गावाचं होत नाही. मी संस्थेला हे विचारेन: यंदा कशावर खर्च करायचा हे कुणी ठरवलं, आणि तुमच्या मनाविरुद्ध ठरलेली एखादी गोष्ट सांगाल का? पैसे कुणाच्या खात्यात जातात, त्यावर सह्या किती जणांच्या? एकट्या मुख्याध्यापकांवर सगळं अवलंबून असेल तर तो धोका आहे, कारण सरकारी शिक्षकांची बदली होते आणि नवे साहेब आले की जुनं काम बंद पडतं. हिशेब पालकांच्या सभेत वाचून दाखवतात का? मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. देणगीदाराला अहवाल सगळेच पाठवतात, गावाला हिशेब देणारे कमी असतात.

पैसे पाठवण्याबद्दल थोडक्यात. भारतात राहणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली परदेशात देणगी पाठवता येते. सगळ्या कारणांसाठी मिळून वर्षाची मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. ८०जी ची करसवलत मात्र परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळत नाही. अनेकांच्या मनात असलेला एफसीआरए कायदा परदेशातून भारतात येणाऱ्या पैशांसाठी आहे. याच कायद्याखालच्या निर्बंधांमुळे ‘कम्पॅशन’ला २०१७ मध्ये भारतातलं काम बंद करावं लागलं आणि इथल्या मुलांचं पालकत्व एकदम तुटलं. ब्रिटनमधल्या मराठी मंडळींनी तिथल्या नोंदणीकृत संस्थेला दिलं आणि स्वतः कर भरत असले, तर ‘गिफ्ट एड’मुळे एका पौंडामागे संस्थेला आणखी २५ पेन्स मिळतात. इंग्लंड-वेल्समधली संस्था अगदीच लहान नसेल, तर तिचे हिशेब धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या चॅरिटी कमिशनच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात.

छोट्या संस्थेला द्यायचं असेल तर मी शाळेला साथ देण्याची वाट निवडेन, आणि दोन-तीन वर्षांचा शब्द देईन, कारण एका वर्षाच्या पैशावर कुठलीच समिती शिक्षक नेमू शकत नाही. तुम्ही आधीच एखाद्या मुलाचं पालकत्व घेतलं असेल, तर हे वाचून ते थांबवू नका. ते मूल माध्यमिक शाळा पूर्ण करेपर्यंत पैसे चालू ठेवा, आणि तोवर संस्थेला विचारा की त्याच्या भावंडांच्या शाळेत यंदा काय कमी पडतंय.