सुझुकींचे थंड बोरॉन

आकिरा सुझुकी १९६३ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात हर्बर्ट ब्राऊन यांच्याकडे गेले आणि दोन वर्षांनी जपानला, होक्काइदो विद्यापीठात परतले ते बोरॉन डोक्यात घेऊनच. पुढे याच बोरॉनच्या संयुगांतून, पॅलॅडियम धातूच्या मदतीने, दोन रेणूंतले कार्बन जोडणारी सुझुकी अभिक्रिया निघाली. बोरॉनिक आम्ले (कार्बनगटाला बोरॉन जोडलेली संयुगे) हवेत-पाण्यात टिकतात, ही मोठीच सोय. कार्बन जोडायला वापरले जाणारे मॅग्नेशियमचे ग्रिन्यार अभिकर्मक पाण्याच्या थेंबाने संपतात, शिवाय रेणूतल्या एस्टर-कीटोनवरही तुटून पडतात. पण बोरॉनचा हा सोशिकपणाच आड येत होता: कार्बन-बोरॉन बंध इतका थंड की पुढे काही घडतच नसे.

१९७९ मध्ये सुझुकी आणि नोरिओ मियाउरा यांनी काढलेला तोडगा वाचायला फारच किरकोळ वाटतो: मिश्रणात बेस (अल्कली) घाला. उत्प्रेरक असलेला पॅलॅडियम आधी दुसऱ्या रेणूतल्या कार्बन-ब्रोमीन बंधात शिरतो. मग बोरॉनवरचा कार्बनगट पॅलॅडियमकडे सरकायला हवा. घोडे अडत होते ते इथे. बेसमुळे ऋणभारित बोरोनेट तयार होतो, किंवा पॅलॅडियमवर ब्रोमाइडच्या जागी हायड्रॉक्साइड बसतो (खरी वाट कोणती, यावर बराच वाद झाला), आणि गट सरकतो. शेवटी दोन कार्बन जोडले जातात, पॅलॅडियम पुढच्या फेरीला मोकळा. १९८१ मध्ये दोन बेंझीन कडीही अशीच जोडली गेली.

प्रयोगशाळेतला नेहमीचा हिशेब असा. ४-ब्रोमोॲनिसोल १८७ मिलिग्रॅम (१ मिलिमोल), फेनिलबोरॉनिक आम्ल १४६, पोटॅशियम कार्बोनेट २७६. टोल्युइन ४ मिलि, इथेनॉल व पाणी प्रत्येकी १ मिलि. यातून पंधरा-वीस मिनिटे नायट्रोजनचे बुडबुडे सोडायचे आणि मगच टेट्राकिस, म्हणजे चार ट्रायफेनिलफॉस्फिनचे पॅलॅडियम, ३५ मिलिग्रॅम (३ मोल टक्के) घालायचे. नायट्रोजनखाली ८०-८५ अंशांवर ढवळत ठेवून टीएलसीवर (पातळ थरावरच्या वर्णलेखी चाचणीत) ब्रोमाइड संपल्याची खात्री करायची.

बिघडते ते बहुधा ऑक्सिजनमुळे. तो राहिला की बोरॉनिक आम्लाचे दोन रेणू आपसातच जुळतात आणि नको असलेले बायफेनिल मिळते. टेट्राकिस पिवळेधमक हवे; हिरवट-तपकिरी झालेले वापरण्यात अर्थ नाही. फ्लास्क लवकर काळा पडला तर पॅलॅडियम धातू होऊन बाहेर पडलाय. बोरॉनिक आम्ल २० टक्के जास्त घेण्यामागेही कारण आहे: तापवल्यावर त्यातले थोडे बोरॉन गमावते, आणि बाटलीत पाणी सोडून त्याचे बोरॉक्सिन (तीन रेणूंचे कडे) झालेले असते, त्यामुळे वजनावरून मोल नेमके कळत नाहीत.

ब्रोमाइडांऐवजी क्लोराइडे घेतली तर स्वस्त, पण ती ट्रायफेनिलफॉस्फिनला सहसा दाद देत नाहीत. १९९८ च्या सुमारास बुखवाल्ड आणि फू यांच्या गटांनी इलेक्ट्रॉन देणारे जाडजूड फॉस्फिन आणले, तेव्हा तीही वापरात आली.

सुझुकींनी पेटंट घेतले नाही. १९९४ मध्ये ते होक्काइदोतून निवृत्त झाले. २०१० चे नोबेल पॅलॅडियमनेच कार्बन जोडणाऱ्या हेक आणि नेगिशी यांच्यासोबत मिळाले तेव्हा वय ८० होते. तोवर लोसार्टनसारखे रक्तदाबाचे औषध आणि बोस्कॅलिड हे बुरशीनाशक बनवायला ही अभिक्रिया कारखान्यात रुळली होती. तिथली डोकेदुखी मात्र वेगळी: तोंडाने घ्यायच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलॅडियम पोटात जाता कामा नये, म्हणून जोडणीनंतर सक्रिय कोळसा किंवा थायॉल (गंधकयुक्त गट) बसवलेल्या सिलिकावरून द्रावण गाळून घ्यावे लागते.