खारजमीन (कोकण)

खाडीचं भरतीचं पाणी बांध घालून अडवायचं आणि आतली जमीन भाताखाली आणायची, ती खारजमीन. बोलताना खार, खारेपाट. खाजण हा शब्दही चालतो, पण तो खरं तर बांध न घातलेल्या चिखलवटीचा, दोन्हींची सरमिसळ करू नये. सगळ्यात मोठा पट्टा पेण-अलिबागकडे धरमतर खाडीच्या काठाने.

हे बांध कोणी घातले यावर मतं वेगळी आहेत. 1883 च्या कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्याच्या गॅझेटियरप्रमाणे बरेचसे साधारण 1755 ते 1780 च्या दरम्यान, म्हणजे आंग्रेकाळात झाले. शिलोत्रीदार बांध घालायचा, दुरुस्ती करायचा आणि त्याबदल्यात सरकारी साऱ्याखेरीज बिघ्याला मणभर भात घ्यायचा. पण हा काळ ज्या बांधांना शिलोत्रीदार होता त्यांचाच धरावा असं वाटतं, गावकीने अंगमेहनतीने घातलेले छोटे बांध बहुधा त्याहून जुने, त्यांचा कागदच झाला नाही. 1948 ला खारजमिनीचा कायदा आला, मग 1979 चा, आणि बांधांचं काम सरकारी खात्याकडे गेलं.

बांधात उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं झडपेचं दार असतं. भरती आली की पाण्याच्या दाबानेच झडप मिटते, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. उन्हाळ्यात शेतावर मिठाचा पांढरा थर दिसतो, तो पहिल्या पावसांत धुऊन गेला की मोड आलेलं बी फेकायचं, याला रहू म्हणतात. बांधाला चिंबोरीने बीळ पाडलं आणि वेळेत बुजवलं नाही तर उधाणात तिथेच खांड पडते, खारं पाणी आत शिरतं आणि काही वर्षांत शेतात कांदळ (खारफुटी) उगवतं.

कारखान्याची जागा शोधणाऱ्याला हीच जमीन सोयीची, सपाट, बार्जला खाडी दाराशी, जेएनपीटी जवळ. परदेशी कंपनीला शेतजमीन थेट विकत घेता येत नाही, म्हणून ती बहुधा एमआयडीसीमार्फत येते. 2023 मध्ये इंडोनेशियाच्या सिनारमासला कागद कारखान्यासाठी अलिबाग तालुक्यात धेरंड भागात सुमारे 287 हेक्टर दिली गेली, जाहीर गुंतवणूक 20,000 कोटी. 2013 च्या भूसंपादन कायद्यात अन्नसुरक्षेचं कलम 10 आहे, पण त्याचा मुख्य आधार ओलिताखालच्या बहुपीक जमिनीला. पावसावरची एकपिकी खार त्यात बसत नाही, त्या कलमात तिला फक्त जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या एकूण मर्यादेचा आडोसा. खांड पडून कांदळ वाढलं की तीच जमीन पडीक म्हणून मोजली जाते, आणि हे चुकीचं आहे, कारण ती बांध न राखल्याने पडीक झालेली असते, भात न पिकल्याने नाही.

दक्षिणेकडे खारीचे तुकडे लहान. 2018 ला सौदी अरामको भागीदार म्हणून आलेल्या नाणार रिफायनरीचा वाद मुख्यतः आंबा, काजू आणि मासेमारीचा होता, खारभाताचा नाही.