"बाकीचे उडताहेत, म्हणजे हवा चांगली आहे" हे खरं नाही

कामशेतला पॅराग्लायडिंग करणाऱ्यांमध्ये हे वाक्य सर्रास ऐकू येतं. पण वर दिसणारा पायलट अर्ध्या तासापूर्वी, वारा मंद असताना निघालेला असू शकतो. आता कदाचित त्यालाच उतरणं जड जात असेल. वारा ताशी 20 किलोमीटरवरून 30 वर गेला की त्याचा जोर दीडपट नाही, सव्वादोनपट होतो. पॅराग्लायडरचा नेहमीचा वेगच ताशी 35-38 किलोमीटर. मग समोरून 30 चा वारा असेल तर पुढे सरकायला उरतं काय? शेजारी वाऱ्याचा जोर दाखवणारी कापडी पिशवी आडवी ताठ झालेली असते, अन् हार्नेसचे पट्टे आवळताना नजर मात्र वरच्या रंगीत पंखांवर. "एवढ्या लांबून आलोय, एकदा तरी..." हा विचार हवेबद्दलचा नसतोच. तो आला की पट्टे सोडा, अर्धा तास बसा, वाऱ्याकडे बघा.